मिश्र वस्तीत रहिवाशांनी आपल्या भागाचे काम कसे उभे करावे : पुण्यातील नवख्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

पुण्याच्या पूर्व भागातील एका जुन्या पेठेत मी राहते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी वाडे पाडून बांधलेल्या इमारती आहेत, मध्ये भांड्यांची आणि भंगाराची दुकाने व त्यांच्या माथ्यावर भाड्याच्या खोल्या आहेत, आणि मागच्या अंगाला नाल्याच्या कडेने वस्ती आहे. एका नळावर मराठी, दखनी, तेलुगू आणि मारवाडी अशा चार भाषा ऐकू येतात आणि गेल्या काही वर्षांत त्यांत भोजपुरीची भर पडली आहे. अशा ठिकाणी रहिवाशांनी एकत्र येऊन दिवे, शौचालय, कचरा, पदपथ यांसारखी कामे महापालिकेकडून करून घ्यायची म्हटले, तर नेमके कोठून सुरू करावे हे सांगणारे आम्हाला कोणी भेटले नव्हते. जे आम्ही चुकतमाकत शिकलो ते क्रमाने मांडावे, म्हणजे नव्याने उभ्या राहणाऱ्या गटाचे एक-दोन वर्षे तरी वाचतील, एवढ्यासाठी हा लेख आहे.

लेखातील कार्यालये आणि पद्धती पुणे महापालिकेच्या आहेत. मुंबईत हेच काम प्रगत परिसर व्यवस्थापनाच्या, म्हणजे 'एएलएम'च्या गटांमार्फत चालते आणि त्याची सुरुवात १९९०च्या दशकात घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी कचऱ्याच्या प्रश्नावरून केली. इतर शहरांत नावे बदलतील, परंतु माहितीचा अधिकार, प्रभाग समिती आणि अंदाजपत्रकाचे वर्ष या गोष्टी सर्वत्र सारख्याच आहेत.

## १. आपला प्रभाग, आपले कार्यालय आणि वर्षाचे वेळापत्रक समजून घ्या

प्रभाग हा निवडणुकीचा भाग असतो आणि क्षेत्रीय कार्यालय हे प्रशासनाचे ठाणे असते. पुण्यात अशी १५ क्षेत्रीय कार्यालये आहेत आणि एका कार्यालयाखाली अनेक प्रभाग येतात. आपली गल्ली कोणत्या प्रभागात आणि कोणत्या कार्यालयाच्या हद्दीत आहे हे घरपट्टीच्या बिलावरून किंवा प्रत्यक्ष कार्यालयात विचारून निश्चित करा. पेठांमध्ये रस्त्याची एक बाजू एका हद्दीत आणि समोरची बाजू दुसऱ्या हद्दीत असे सर्रास आढळते आणि त्यामुळे अर्ज महिनोन्‌महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतात.

२०१७च्या निवडणुकीपासून बहुतेक प्रभागांतून चार नगरसेवक निवडून दिले जातात. त्यामुळे 'आमचे नगरसेवक' म्हणून एकाकडेच जाणे पुरत नाही, प्रत्येक पत्राची प्रत चौघांनाही द्यावी लागते. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर पुढे कित्येक वर्षे नगरसेवकच नव्हते आणि सारा कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात नुसत्या ओळखीवर चालणारे गट थंडावले, तर ज्यांची कागदपत्रे नीट होती त्यांची कामे सुरू राहिली, हे मी जवळून पाहिले आहे.

कायद्याचे पाठबळही माहीत असावे. ७४व्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या, म्हणजे त्या भागातील नगरसेवकांच्या समित्या, स्थापन करणे बंधनकारक केले. महाराष्ट्राच्या महापालिका अधिनियमानुसार या समितीवर त्या भागात काम करणाऱ्या संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी नेमता येतात. २००९ मध्ये क्षेत्रसभेची, म्हणजे एका छोट्या भागातील मतदारांच्या सभेची, तरतूदही कायद्यात आली. आमच्या भागात ती भरलेली मी अजून पाहिलेली नाही, तरी पत्रव्यवहारात तिचा उल्लेख अवश्य करावा.

आता वेळापत्रक. महापालिकेचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, आयुक्तांनी पुढील वर्षाचे अंदाजपत्रक जानेवारीच्या मध्यापर्यंत स्थायी समितीपुढे मांडणे कायद्याने अपेक्षित असते आणि नागरिकांकडून कामांच्या सूचना त्याआधी, साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास मागवल्या जातात. म्हणजे घरोघरी फिरणे आणि बैठका घेणे हे काम मे ते जुलैमध्ये उरकले पाहिजे. बहुतेक नवे गट दिवाळीनंतर जमतात आणि त्यांचे एक वर्ष तेथेच जाते.

## २. आधी गल्ली पायी फिरा आणि घरोघरी ऐका

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो आम्ही पहिल्या वर्षी गाळला होता, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षी आमच्या बैठकीला पंधरा जण आले होते. मी सोडून सगळे पुरुष होते आणि त्यांतील बहुतेक पुढच्या इमारतींतले होते. सर्वांना पटेल असे काहीतरी सोपे काम सुचवू या, असे ठरले आणि आम्ही गल्लीच्या कोपऱ्यावर चार बाके मागितली. सूचना मंजूर झाली, पुढच्या वर्षी बाके बसली आणि आम्हाला फार आनंद झाला. महिनाभरातच संध्याकाळनंतर तो कोपरा पुरुषांनी भरून जाऊ लागला. मागच्या वस्तीतून सार्वजनिक शौचालयाकडे जाणारा बोळ याच कोपऱ्यावरून निघतो, याचा आमच्यापैकी कोणी विचारच केला नव्हता. काही दिवसांनी वस्तीतील एका अक्कांच्या दारात मी उभी असताना त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या बाकांमुळे माझी मुलगी चार वाजल्यानंतर पाणी पीत नाही."

ते वाक्य मी विसरलेले नाही. आम्ही कोणाचे वाईट चिंतले नव्हते. ज्यांना त्या बोळातून रोज जावे लागते त्यांच्यापैकी एकही जण बैठकीत नव्हता, एवढेच घडले होते. तेव्हापासून आमच्या गटात एक नियम आहे. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला 'आज कोण आलेले नाही' याची यादी वहीत लिहायची आणि त्या लोकांकडे स्वतः जाऊन आल्याशिवाय कोणतेही काम ठरवायचे नाही.

घरोघरी फिरताना पुढील गोष्टी पाळा.

दोघांनी मिळून जा आणि त्या दोघांत शक्यतो एक बाई आणि त्या घराची भाषा बोलणारी एक व्यक्ती असू द्या. तेलुगू बोलणाऱ्या घरात अक्का म्हणून आणि मुस्लिम घरात आपा किंवा चाची म्हणून आदराने बोलणारी ओळखीची व्यक्ती बरोबर असली, की पहिल्या दहा मिनिटांचा परकेपणा राहत नाही. 'तुमच्या समस्या काय आहेत' असे विचारू नका, कारण त्यावर 'सगळं ठीक आहे' किंवा 'काहीच ठीक नाही' यापलीकडे उत्तर येत नाही. त्याऐवजी कालचा दिवस विचारा : पाणी किती वाजता आले, मुले शाळेत कोणत्या रस्त्याने गेली, रात्री कोठे जायची भीती वाटली, कचरा कोणाकडे दिला.

भाडेकरूंना आणि हंगामी कामगारांना वगळू नका. सूचना देण्यासाठी घर मालकीचे असावे लागत नाही. आमच्याकडे भंगाराच्या दुकानांवरच्या खोल्यांत राहणाऱ्या तरुणांना कोणी रहिवासी समजतच नव्हते, परंतु रात्री अकरानंतर गल्लीत काय चालते हे सर्वांत नेमके त्यांनीच सांगितले.

कचरावेचक महिलांशी अवश्य बोला. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना १९९३ पासून आहे आणि तिच्यातूनच उभी राहिलेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करते. कोणत्या इमारतीत ओला-सुका कचरा वेगळा होतो, कोणत्या कोपऱ्यावर रात्री पोती टाकली जातात, नाल्यात काय फेकले जाते, हे त्यांच्याइतके कोणालाही ठाऊक नसते. गल्लीचे चित्र पूर्ण होण्यासाठी त्यांच्याबरोबर एक सकाळ फिरून पाहा.

शेवटी गल्लीचा हाताने काढलेला नकाशा तयार करा. त्यात दिव्यांचे खांब, गटारांची झाकणे, नळ, शौचालय, शाळा, प्रार्थनास्थळे, पथारीवाल्यांच्या जागा आणि पाणी साचण्याची ठिकाणे दाखवा. खांबावर रंगवलेला क्रमांक टिपून घ्या, कारण दिव्याच्या तक्रारीत तोच क्रमांक विचारला जातो. आमच्या बोळात दिवा होता आणि तो रोज लागतही होता, परंतु झाडाच्या फांद्यांनी तो झाकला गेला होता. हे नकाशा काढताना, सायंकाळी सात वाजता तेथे उभे राहिल्यावर समजले. फांद्या स्वतः मात्र तोडू नका. नागरी भागातील झाडांच्या संरक्षणाचा १९७५चा कायदा त्यालाही लागू होतो आणि उद्यान विभागाकडे अर्ज करून ते काम विनाखर्च करून घेता येते. आमचे काम एका अर्जात झाले. त्यासाठी अंदाजपत्रकाची वाट पाहावी लागली नाही.

## ३. बैठकीची जागा, वेळ आणि भाषा विचारपूर्वक ठरवा

मिश्र वस्तीत बैठक कोठे होते यावरून ती कोणाची हे लोक ठरवतात. मंदिराचा सभामंडप, मशिदीचे आवार, एखाद्या मंडळाचे कार्यालय किंवा पक्षाची शाखा या जागा सहज मिळतात, परंतु तेथे बैठक घेतली तर निम्मे लोक येत नाहीत आणि न येण्याचे कारणही सांगत नाहीत. महापालिकेच्या शाळेचा वर्ग, समाजमंदिर, वाचनालय किंवा सरळ गल्लीतच अंथरलेली सतरंजी अधिक चांगली. शाळेसाठी मुख्याध्यापकांना आठ दिवस आधी लेखी अर्ज द्यावा लागतो.

वेळ ठरवताना पाणी येण्याची वेळ, शुक्रवारची दुपारची नमाज, रमजानमधील इफ्तारची वेळ, मार्गशीर्षातील गुरुवार, गणेशोत्सवाचे दहा दिवस आणि १४ एप्रिलच्या आसपासचा आठवडा टाळा. घरकाम करणाऱ्या बायकांना दुपारी तीन ते पाच सोयीचे असते, तर दुकानदारांना रात्री नऊनंतर. दोन्ही गट एका वेळी जमत नसतील तर दोन बैठका घ्या आणि पहिल्या बैठकीत काय बोलले गेले ते दुसऱ्या बैठकीत वाचून दाखवा. हे कंटाळवाणे वाटते, पण याला दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

सूचनाफलक मराठीबरोबर हिंदी, उर्दू आणि तेलुगूतही लिहा. हाताने लिहिलेला कागद चालतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आदल्या दिवशी मुलांना घरोघरी निरोप घेऊन पाठवा. मोबाइलवरचा गट उपयोगी असतो, परंतु त्यावर फक्त कामाचे निरोप आणि छायाचित्रे यायला हवीत. धर्म, जात, पक्ष किंवा बातम्या यांविषयीचा एकही पुढे ढकललेला मजकूर चालणार नाही, हा नियम पहिल्याच दिवशी ठरवा आणि तो मोडणाऱ्याला, मग तो कितीही जवळचा असो, फोन करून सांगा.

हा केवळ शिस्तीचा प्रश्न नाही. भिवंडीत १९८४च्या दंगलीनंतर काही वर्षांनी, १९८८ च्या सुमारास, तेथील पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी गल्लोगल्ली मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत हिंदू-मुस्लिम रहिवासी आणि पोलीस नियमितपणे समोरासमोर बसत आणि रोजच्या भांडणतंट्यांची उकल करत. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा जवळची भिवंडी शांत राहिली. शहरात तणाव असतो त्या दिवशी एकमेकांचा फोन क्रमांक जवळ असणे आणि तो उचलला जाईल याची खात्री असणे याचे मोल मी अनुभवले आहे, आणि ती खात्री गटाराच्या झाकणांसाठी एकत्र केलेल्या हेलपाट्यांतून आली होती.

## ४. पहिले काम निवडताना

यादी मोठी होते. आमची पहिली नीट यादी एकेचाळीस कामांची होती. त्यांतून निवड करताना कामांचे तीन भाग पाडा : नुसत्या तक्रारीने होणारी कामे, अंदाजपत्रकात तरतूद लागणारी छोटी कामे आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा लागणारी मोठी कामे. बंद दिवा, तुंबलेले गटार, तुटलेले झाकण, शौचालयाची मोडलेली कडी ही पहिल्या भागातली आहेत आणि ती आधी करून घेतली की लोकांचा विश्वास बसतो. पदपथ दुरुस्ती, नवा खांब, बसथांबा, शौचालयाची डागडुजी ही दुसऱ्या भागातली. नाल्याची भिंत, जलवाहिनी बदलणे किंवा शौचालयाची नवी इमारत ही तिसऱ्या भागातली.

पहिले मोठे काम सर्व जातिधर्मांचे आणि सर्व उत्पन्नगटांचे लोक वापरतात असेच निवडा, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. माझे मत थोडे वेगळे आहे. ज्यांच्याकडे सर्वांत कमी आहे त्यांचे एक काम आधी करा आणि ते इतरांनी करून द्यावे. आमच्या दुसऱ्या वर्षी पुढच्या इमारतींतील काकांनी, ज्यांच्या घरी दोन स्वच्छतागृहे आहेत, वस्तीच्या शौचालयातील बायकांच्या बाजूच्या कड्या, दिवे आणि पाण्याच्या टाकीसाठी कार्यालयात सात खेपा घातल्या. त्यानंतर वस्तीतून बैठकीला येणाऱ्यांची संख्या आपोआप वाढली, त्यासाठी आम्हाला कोणाला आग्रह करावा लागला नाही.

शौचालयाचे काम हाती घेणार असाल तर पुण्याचाच इतिहास उपयोगी आहे. १९९९ ते २००१ या काळात आयुक्त रत्नाकर गायकवाड यांच्या कारकिर्दीत महापालिकेने स्वयंसेवी संस्थांच्या साहाय्याने वस्त्यांमध्ये दहा हजारांहून अधिक शौचकूप बांधले. त्यांतील चांगल्या इमारतींत लहान मुलांसाठी वेगळी सोय, स्त्री-पुरुषांच्या वेगळ्या रांगा आणि देखभाल करणाऱ्या कुटुंबासाठी वर खोली होती. आजही मागणी करताना या तीन गोष्टी लेखी मागा. नुसते 'शौचालय दुरुस्ती' लिहिले तर फरशी आणि रंगकाम यांवर पैसा संपतो.

एक सापळा येथेच सांगते. बैठकीत 'पथारीवाले हटवा' ही मागणी हमखास येते आणि ती दुकानदारांना सोयीची असते. २०१४च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण आणि नगर पथविक्रेता समितीच्या प्रक्रियेशिवाय त्यांना असे हटवता येत नाही, आणि त्या समितीत ४० टक्के प्रतिनिधी पथविक्रेत्यांचेच असतात. तुमच्या गल्लीत भाजी विकणाऱ्या मावशी बहुधा तुमच्याच वस्तीत राहतात. त्यांना बैठकीत बसवून जागेची आखणी करा.

## ५. जागा कोणाची आहे हे आधी तपासा

मंजूर न होणाऱ्या सूचनांचे सर्वांत मोठे कारण हे आहे. महापालिकेचा पैसा महापालिकेच्या किंवा सार्वजनिक जागेवरच खर्च होऊ शकतो. सोसायटीच्या आतील रस्ता, वाड्याचे आवार, ताब्यात न आलेला रस्ता, रेल्वेची किंवा लष्कराची जमीन यांवरील काम कितीही गरजेचे असले तरी नाकारले जाते. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक, म्हणजे जागेच्या मालकीची नोंद असलेला कागद, काढा आणि विकास आराखड्यात ती जागा काय दाखवली आहे ते पाहा. छावणी मंडळाची (कँटोन्मेंटची) हद्द जवळ असेल तर अधिकच काळजी घ्या, कारण तेथे महापालिकेचा अधिकार चालत नाही.

## ६. सूचना लिहा आणि दाखल करा

पुणे महापालिकेने २००६-०७ मध्ये सहभागी अंदाजपत्रकाची पद्धत सुरू केली. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ मध्ये सुरू झालेली ही कल्पना भारतात आरंभी स्वीकारणाऱ्या शहरांपैकी पुणे एक आहे. नागरिक क्षेत्रीय कार्यालयात विहित नमुन्यात काम सुचवतात, अभियंते ते तपासतात, प्रभाग समितीत त्यांचा क्रम लागतो आणि निवडलेली कामे अंदाजपत्रकात येतात. माझ्या अनुभवात एका कामासाठी ५ लाख रुपयांची मर्यादा राहिली आहे. त्या-त्या वर्षीचे जाहीर प्रकटन वाचून मर्यादा आणि शेवटची तारीख पक्की करा.

सोबत लागणारी कागदपत्रे आणि साधने अशी :

- विहित नमुन्यातील अर्ज, प्रत्येक कामासाठी वेगळा
- अर्जदाराच्या पत्त्याचा पुरावा. भाडेकरूंना मतदार ओळखपत्र किंवा आधार चालते
- जागेचा हाताने काढलेला नकाशा, जवळच्या ठळक खुणेसह
- दिवसाची आणि रात्रीची छायाचित्रे, मागे तारीख लिहून
- शक्य असल्यास मालमत्ता पत्रकाची प्रत
- रहिवाशांच्या सह्यांचे पत्रक. अंगठा देणाऱ्यांच्या शेजारी साक्षीदाराची सही
- बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत
- आवक शिक्का घेण्यासाठी अर्जाची दुसरी प्रत

शेवटची ओळ पुन्हा वाचा. आवक विभागात दुसऱ्या प्रतीवर शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका. 'साहेबांच्या टेबलावर ठेवून जा' असे सांगितले गेले आणि आम्ही तसे केले, त्या वर्षी आमच्या पाच अर्जांपैकी तीन सापडलेच नाहीत.

कामाचे वर्णन मोजमापासह लिहा. 'पदपथ सुधारणे' असे लिहिण्यापेक्षा 'शाळेच्या फाटकापासून दवाखान्यापर्यंत डाव्या बाजूचा सुमारे ६० मीटर पदपथ उकरून समतल करणे, चाकाची खुर्ची चढेल असा उतार दोन्ही टोकांना देणे' असे लिहिले तर पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा अंदाज, तयार करणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याचे काम सोपे होते आणि तुमचे काम पुढे सरकते. अर्ज देण्याआधी त्यांना एकदा जागेवर बोलवा. बहुतेक अभियंते येतात आणि तुम्हाला न सुचलेली अडचण, उदाहरणार्थ खालून जाणारी मलवाहिनी, तेच दाखवून देतात.

## ७. पैसा आणि नोंदणी

सुरुवातीला वर्गणी गोळा करू नका. झेरॉक्स आणि चहा एवढाच खर्च असतो, तो आळीपाळीने करा आणि वहीत लिहा. पैशाचा व्यवहार सुरू झाला की मिश्र वस्तीत संशयाला आमंत्रण मिळते. नोंदणी नसलेल्या गटाला धर्मादाय कारणासाठी लोकांकडून वर्गणी घ्यायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खाली धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळे हीच परवानगी घेतात.

दोन-तीन वर्षे गट टिकला आणि नियमित निधीची गरज भासली तर १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सदस्यांसह संस्था नोंदवता येते आणि महाराष्ट्रात तिची विश्वस्त संस्था म्हणूनही नोंदणी करावी लागते. त्यानंतर दरवर्षी हिशेबतपासणी आणि कार्यकारिणीतील बदलाचे अर्ज वेळेत द्यावे लागतात. हे सांभाळणारी व्यक्ती नसेल तर घाई करू नका. सातही सदस्य एकाच समाजाचे किंवा एकाच इमारतीचे असू नयेत, एवढे मात्र पहिल्या दिवसापासून पाहा.

## ८. पाठपुरावा : मंजुरीनंतर काम हरवू देऊ नका

अंदाजपत्रकात काम आले म्हणजे ते झाले असे नाही. वर्षाच्या मध्यात एका कामाची तरतूद दुसऱ्या कामाकडे वळवली जाते, त्याला महापालिकेच्या भाषेत 'वर्गीकरण' म्हणतात. नागरिकांनी सुचवलेली छोटी कामे त्यात सहज बळी पडतात, कारण त्यांच्यासाठी विचारणारे कोणी नसते. म्हणून एप्रिलमध्ये कामाचे अर्थशीर्षक (अंदाजपत्रकातील ज्या खात्यातून खर्च होणार ते) आणि रक्कम लिहून घ्या आणि दर दोन महिन्यांनी विचारत राहा : पूर्वगणनपत्रक झाले का, निविदा निघाली का, कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश, कोणत्या तारखेचा आहे.

येथे एक फारशी माहीत नसलेली सोय आहे. २०१८च्या शासकीय परिपत्रकानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात आणि पुण्यात ही पद्धत त्याआधीपासूनच होती. माहिती अधिकाराचा अर्ज करण्यापूर्वी एक सोमवार त्यासाठी द्या. कित्येकदा अर्जाची गरजच उरत नाही.

अर्ज करायचाच झाला तर १० रुपयांचे न्यायालय शुल्क मुद्रांक लावा, एका अर्जात एकच विषय ठेवा आणि तो १५० शब्दांत बसवा, कारण महाराष्ट्राच्या नियमांत तशी मर्यादा आहे. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. न आल्यास किंवा अपुरे आल्यास पुढील ३० दिवसांत २० रुपयांच्या मुद्रांकासह पहिले अपील करा. 'काम का झाले नाही' असा प्रश्न विचारू नका, त्याला उत्तर देण्याचे बंधन नसते. 'कार्यादेशाची आणि मोजमाप पुस्तिकेच्या संबंधित पानांची प्रत द्यावी' अशी कागदपत्रांची मागणी करा. मोजमाप पुस्तिका म्हणजे झालेल्या कामाची मोजमापे जिच्यात नोंदवतात ती वही. अर्ज दोन-तीन वेगवेगळ्या रहिवाशांच्या नावाने करा, म्हणजे एकाच व्यक्तीवर रोष येत नाही. भाडेकरूच्या नावाने मात्र करू नका. घरमालकाचा दबाव आला तर घर सोडावे लागेल ते त्यांना.

क्षेत्रीय कार्यालयात मोहल्ला समितीच्या, म्हणजे नागरिक आणि महापालिकेचे अधिकारी यांच्या (भिवंडीतील पोलिसांच्या समित्यांहून या वेगळ्या), बैठका होत असतील तर तेथे दरवेळी किमान तिघांनी जा आणि त्यांत एक बाई असावी. प्रश्न आळीपाळीने विचारा. आमच्याकडे आता भंगाराच्या दुकानात काम करणारा एक तरुण सर्वांत नेमके प्रश्न विचारतो. पहिल्या बैठकीत तो दाराबाहेरच थांबला होता.

## ९. काम चालू असताना आणि झाल्यावर

ठेकेदार आला की कार्यादेशाची प्रत हातात ठेवून रोज कोणीतरी जागेवर चक्कर मारा. भांडू नका, लांबी-रुंदी मोजा, छायाचित्र घ्या आणि फरक दिसला तर त्याच दिवशी अभियंत्याला लेखी कळवा. काँक्रीट ओतण्यापूर्वीचे छायाचित्र सर्वांत मोलाचे, नंतर खालचे काही दिसत नाही. काम पूर्ण झाल्यावर दोषदायित्व कालावधी किती आहे हे लिहून घ्या. त्या मुदतीत फरशी उखडली किंवा दिवा पडला तर दुरुस्ती ठेकेदारानेच करायची असते आणि त्यासाठी नव्या तरतुदीची गरज नसते.

काम वापरात आल्यावर महिनाभराने पुन्हा त्याच घरांत जा, ज्यांच्याकडे सुरुवातीला गेला होता, आणि पुन्हा कालचा दिवस विचारा. आमच्या कोपऱ्यावरची दोन बाके आम्ही अशाच एका फेरीनंतर अर्ज करून शाळेच्या भिंतीकडे हलवून घेतली. तेथे आता मुलांना घ्यायला आलेल्या आया आणि आज्या बसतात. अक्कांची मुलगी यंदा दहावीला आहे, आणि या वर्षीच्या सूचनेचा अर्ज, बोळाच्या दुसऱ्या टोकाला एक नवा खांब, तिच्याच अक्षरात लिहिलेला आहे.